काकवी लावलेला पट्टा

सान रोकितोच्या सांस्कृतिक भवनात, दारातून आत शिरताच उजव्या हाताला, लाकडाचे तीन रूळ एका लोखंडी चौकटीत बसवून ठेवले आहेत. दोन रूळ मागे, एकमेकांना जवळजवळ खेटून. तिसरा पुढे, दोन हातांच्या अंतरावर. शेजारच्या छापील पाटीवर मजकूर आहे: ‘घरात सायकल चालवण्याच्या सरावाचे रूळ. बनवणारे सुतार पार्मेनियो आरिसा, सन १९८७. यांवर सराव करून त्यांच्या कन्येने तुन्हाची शर्यत जिंकली.’

उद्घाटनाच्या दिवशी ती कन्या, म्हणजे फ्लोरालबा आरिसा, पाटीसमोर उभी राहिली. तिने मजकूर दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि पर्समधून पेन काढले.

“हेर्मेस,” तिने भवनाच्या व्यवस्थापकाला हाक मारली, “तीन वाक्यं आणि तीन चुका. माझ्या टेबलावर आला असता तर हा कागद मी परत पाठवला असता.”

“दोन्या फ्लोरालबा, आजच लावलीय हो ती! निदान पाहुणे तरी जाऊ द्या.” गावात सगळे तिला ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब, म्हणत.

“जाऊ देत की. मी कुठे पाहुण्यांना धरून ठेवलंय?”

एकतीस वर्षे नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गावाच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी सांभाळलेल्या बाईला चुकीचा मजकूर दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागतो. तिचे वडील सुतार नव्हते. रूळ १९८७ साली नव्हे, तर १९८४च्या ऑक्टोबरात झाले. आणि तुन्हाची शर्यत तिने जिंकली नव्हती. या तीन चुका पाटीवरच्या. चौथी पाटीवर नव्हती. ती रुळांजवळ वाकल्यावर तिच्या ध्यानात आली, आणि मग हातातले पेन तिने मिटून परत पर्समध्ये टाकले. त्या चौथ्या चुकीला पेन पुरणार नव्हते.

*

पार्मेनियो आरिसा चरक दुरुस्त करायचा. सुआरेस नदीच्या खोऱ्यात, जिथे डोंगराच्या उतारांवर उसाशिवाय दुसरे काही उभे राहत नाही, तिथे तीसेक गुऱ्हाळांचे चरक त्याच्या हाताखालून गेले होते. खेचरावर हत्यारांची पिशवी टाकून तो निघायचा आणि गुऱ्हाळाच्या अलीकडेच, वळणावर थांबायचा. चरक दिसण्याआधी तो ऐकायचा. “उजवा रूळ लंगडतोय,” असे खेचरालाच सांगून मग पुढे व्हायचा. शेडमध्ये शिरल्यावर मालकाशी रामराम करण्याआधी तो बाहेर पडणारे चिपाड मुठीत दाबून बघे. ओल लागली, तर रूळ सैल. चिपाडाचा भुगा झाला, तर नको तितके आवळलेले.

त्याच्या एकाही सदऱ्याला पूर्ण बाही नव्हती. चरक बाही पकडतो आणि बाहीमागे हात जातो, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहिलेले असते. म्हणून त्याची बायको त्रिनी नवा सदरा आला की आधी बाह्या कोपरापाशी कापायची आणि मगच तो कपाटात ठेवायची. मुलीच्या शाळेच्या समारंभालाही तो तसाच कापलेल्या बाह्यांनी गेला. फ्लोरालबाला तेव्हा त्याची लाज वाटली होती. पुढे त्या समारंभाचा फोटो तिने कितीतरी वर्षे आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, ती गोष्ट निराळी.

पार्मेनियोला सायकल चालवता येत नव्हती. त्याने शिकायचा प्रयत्न केल्याचे कोणाला आठवत नाही. पण जुलै महिन्यात युरोपातल्या मोठ्या शर्यतीचे धावते वर्णन रेडिओवर लागले, की खोऱ्यातले इतर लोक करत तेच तोही करी: चरक बंद, काहिलीखालचा जाळ मंद, आणि सगळे रेडिओभोवती. आपल्या देशाचा एखादा सायकलपटू घाट चढू लागला, की गुळाचा पाक एक तार पुढे गेला तरी कोणी उठत नसे. त्या महिन्यातला गूळ थोडा काळपट निघायचा, आणि व्यापारीही त्याबद्दल फारसे बोलत नसत. त्यांनीही वर्णन ऐकलेले असायचे.

फ्लोरालबाची सायकल तिच्या मामाची. तो व्हेनेझुएलाला गेला आणि सायकल मागे राहिली. सोळाव्या वर्षी ती तिच्यावर बसली आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत उतरलीच नाही, असे त्रिनी म्हणे. सप्टेंबर १९८४ मध्ये तुन्हाहून, प्रांताच्या मुख्य शहरातून, पत्र आले. प्रांताचा महिलांचा सायकल संघ पहिल्यांदाच उभा राहणार होता, निवडीची शर्यत रविवारी, अठरा नोव्हेंबरला, जागा सहा. हे पत्र फ्लोरालबाकडे अजून आहे. घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले.

त्या सहा जागांपैकी एक मिळावी, याखेरीज त्या काळात तिला दुसरे काही नको होते. आणि ती संधी एकदाच येणार, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. वीस वर्षांच्या मुलीला खोऱ्यात जास्त काळ सायकलवर कोणी राहू देत नसे.

शनिवारी, वीस ऑक्टोबरला, सकाळच्या दुधाच्या गाडीनंतर वरचा डोंगर खाली आला. जवळजवळ किलोमीटरभर डांबरी रस्ता नदीत गेला. माणसे वाचली, तीन गाई आणि एक विजेचा खांब गेला. राहिली ती खेचरांची दगडी वाट, जिच्यावर सायकल खांद्यावरच न्यावी लागे. फ्लोरालबाने दोन दिवस चर्चसमोरच्या चौकाला चकरा मारल्या. चौक गोट्यांच्या फरसबंदीचा. तिसऱ्या दिवशी मागच्या चाकाच्या चार तारा तुटल्या.

“एकोणतीस दिवस होते,” ती आईला म्हणाली. “आता सव्वीस राहिले. आणि मी चौकात फिरतेय, घाण्याच्या बैलासारखी.”

“बैलाला निदान पत्र येत नाही,” त्रिनी म्हणाली आणि तिच्यापुढे अंडे घातलेले गरम दुधाचे सूप सरकवले. “खा.”

*

वर्तमानपत्राच्या त्या पानाबद्दल गावात दोन मते आहेत. एक म्हणते, ते पाद्रीबाबांनी दिले. दुसरे म्हणते, ते पेरूच्या वड्यांच्या पेटीत अस्तर म्हणून आले. पान आजही फ्लोरालबाच्या पेटीत आहे, आणि त्यावर पेरूचा लालसर डाग आहे. तेव्हा दुसरे मत जास्त विश्वासार्ह मानायला हरकत नाही. पानावर एक छायाचित्र होते. कुठल्याशा युरोपीय दालनात एक सायकलपटू जमिनीवर ठेवलेल्या तीन नळकांड्यांवर सायकल चालवतोय. मागच्या नळकांड्यापासून एक पट्टा निघून पुढच्याकडे जातो. पण नेमकी तिथेच पानाची घडी. घडीवरची शाई उडालेली. पट्टा मागून निघतो हे दिसते, पुढे पोहोचतो हेही दिसते. मधे पांढरी रेघ.

फ्लोरालबाने पान वडिलांसमोर धरले.

पार्मेनियोने पान हातात घेऊन उजेडाकडे धरले. “म्हणजे पोरगी सायकल चालवणार,” तो शेवटी म्हणाला, “आणि जागची हलणार नाही?”

“हो, बाबा.”

“असली सायकल असते हे मला तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस? माझी झोप वाचली असती.”

तो कामाला लागला. घराशेजारच्या गुऱ्हाळाच्या शेडमागे, गवतात, त्याच्या आजोबांच्या लाकडी चरकाचे जुने रूळ पडले होते. लोखंडी चरक आल्यापासून, म्हणजे साठ वर्षे, तिथे कोंबड्या बसत. वरचे लाकूड कुजले होते, पण गाभा हाडासारखा. तो लेथवर चढवून त्याने मनगटाच्या दुप्पट जाडीचे तीन रूळ काढले, आणि प्रत्येकाला मधोमध किंचित कंबर ठेवली, डमरूसारखी. चाक कडेला सरकू लागले तर आपोआप मधे यावे म्हणून. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. छर्रे बसवलेल्या कड्या त्याने एका मोडक्या मक्याच्या गिरणीतून उपटल्या. मापे त्याने घेतली उसाच्या कांडीवर सुरीने खाचा पाडून. एका चाकाच्या आसापासून दुसऱ्याच्या आसापर्यंत, आणि वर दोन बोटे. कागदावर एक रेघ त्याने ओढली नाही. ही कांडी आज जपून ठेवता आली असती, पण काम संपल्यावर ती खेचराने खाल्ली.

चौकटीसाठी लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. त्या फ्लोरालबाच्या पलंगाला होत्या.

“आणि पोरगी झोपणार कुठे?” त्रिनीने विचारले.

“हे चालवल्यावर ती कुठेही झोपेल.”

चौथ्या दिवशी रूळ तयार झाले. पट्टा होता गुऱ्हाळाच्या जुन्या चामडी पट्ट्यातून कापलेला, दोन बोटे रुंद. पार्मेनियोने तो मागच्या रुळावर चढवला, मधे एक पिळा देऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फुलीत फिरवला आणि पुढच्या रुळावर नेला. मग मागचा रूळ हाताने फिरवला. पुढचा फिरला, उलट्या दिशेने.

“बघ,” तो समाधानाने म्हणाला.

यात त्याला काही चुकल्यासारखे वाटले नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. चरकात शेजारशेजारचे दोन रूळ एकाच दिशेने फिरले, तर ऊस आत जातच नाही, बाहेर फेकला जातो. रुळांनी एकमेकांविरुद्ध फिरायचे, हा त्याच्या जगाचा पहिला नियम. आणि इंजिनापासून चरकापर्यंत येणारा पट्टा फुलीतच बांधायचा, हा दुसरा. कारण फुलीतला पट्टा चाकाला जास्त मिठी मारतो, घसरत नाही. घडीवरच्या पांढऱ्या रेघेत त्याने तीस वर्षे जे पाहिले होते तेच भरले.

*

रूळ घराच्या, गुऱ्हाळाकडच्या ओसरीत मांडले. दोन्ही बाजूंना चिपाडाचे ढीग पसरले, पडली तर लागू नये म्हणून. फ्लोरालबाने खांबाला हात धरला, पेडल मारले, मागचे चाक गुरगुरू लागले, आणि तिने हात सोडला.

हॅण्डलच्या टोकाला कोणीतरी दुसरे बसले असावे, तसे झाले. तिने डावीकडे जाणारे चाक आवरायचा प्रयत्न केला, तर ते आणखी डावीकडे गेले. पुढच्या क्षणी ती चिपाडात होती.

“तोल गेला,” पार्मेनियो म्हणाला.

ती परत चढली. परत पडली. त्या दिवशी अकरा वेळा, असे ती सांगते; त्रिनीच्या मते तेवीस. दुसऱ्या दिवशी उजवे कोपर सोलवटले. तिसऱ्या दिवशी डावे मनगट सुजले. गुऱ्हाळावर गूळ करणारा एउलोहियो, पार्मेनियोचा कोम्पाद्रे, म्हणजे फ्लोरालबाचा धर्मपिता, काहिलीवरून उठून बघायला आला. तो वाकला, पट्टा बोटाने दाबून बघितला, मान डोलावली.

“पट्टा झकास बांधलाय, कोम्पाद्रे. फुली अशी पाहिजे.”

“मला तेच वाटलं.”

“मग पोरीलाच जमत नसेल.”

खोऱ्यातले आणखी चौघे येऊन गेले. सगळे चरकवाले, सगळे जाणकार. चौघांनी पट्टा दाबून बघितला, चौघांनी मान डोलावली. एकाने पट्टा थोडा आणखी आवळायला सांगितला. आवळल्यावर ती आणखी लवकर पडू लागली.

चौथ्या दिवशी पार्मेनियो चिडला. तो सहसा चिडत नसे, त्यामुळे कसे चिडायचे हेही त्याला नीट माहीत नव्हते.

“रस्त्यावर सायकल पळते म्हणून तू उभी राहतेस,” तो म्हणाला. “थांबलीस की आपटतेस. म्हणजे तोल तुझा नाहीच, रस्त्याचा आहे.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच फ्लोरालबाला स्वतःच्या तोलाबद्दल शंका आली. एकोणीस दिवस राहिले होते. त्या दुपारी ती सायकल खांद्यावर घेऊन दरडीपर्यंत गेली, रस्ता कधी होईल ते बघायला. फावडी घेतलेले तिघे जण ताडपत्रीने झाकलेल्या यंत्राखाली पाऊस थांबण्याची वाट बघत पत्ते खेळत होते. ती परत आली, तेव्हा दोन्ही चाके लाल चिखलाने भरलेली.

“शेवटचं,” ती वडिलांना म्हणाली. “तुम्ही खोगीर घट्ट धरा. सोडू नका. मी फक्त वेगात फिरवून बघते. त्यानंतर हे रूळ कोंबड्यांना परत द्या.”

पार्मेनियोने दोन्ही हातांनी खोगीर धरले. ती जीव खाऊन फिरवू लागली. मागचे चाक गुरगुरले, पट्टा फटफटला, चाकांच्या तारा विरून नुसता धुरकट गोल दिसू लागला. आणि ओसरीच्या पुढच्या टोकाकडून त्रिनीची आरोळी आली.

“थांबा! थांबा म्हणते ना!”

पावसामुळे बाहेर वाळत घालता न आलेली मोठी पांढरी चादर ओसरीच्या पुढच्या टोकाला, सायकलसमोर, दोरीवर टाकलेली होती. तिच्यावर खालून वर लाल चिखलाचा सरळ पट्टा उमटला होता, फडक्यावर रंगाचा कुंचला ओढावा तसा.

“आज सकाळी घासून धुतलीय ही! नदीवर! या हातांनी!” त्रिनी चादरीमागून बाहेर आली. “सायकलच्या चिखलाची मला सवय आहे. तीन वर्षं हिचे कपडे धुतेय मी. नेहमी चिखल असतो हिच्या पाठीवर आणि पायांवर. समोर उडायला कधीपासून लागला?”

फ्लोरालबा खोगिरावर बसून होती, वडील मागे खोगीर धरून. दोघे चादरीकडे बघत होते.

“आई,” फ्लोरालबा सावकाश म्हणाली, “परत म्हण.”

“काय परत म्हण? चादर धू परत, असं म्हणते!”

रस्त्यावर पुढच्या चाकाचा चिखल मागे उडतो, पायांवर येतो. चादरीवरचा चिखल पुढे उडाला होता. म्हणजे पुढचे चाक मागे पळत होते. मागचे चाक पुढे, पुढचे चाक मागे. आणि त्यावर बसून एक मुलगी चार दिवस तोल सांभाळायला शिकत होती.

पार्मेनियोने खोगीर सोडले. ती चिपाडात पडली, पण त्याकडे त्याचे लक्ष नव्हते. तो गुडघ्यांवर बसला, पट्ट्याच्या फुलीवर त्याने हात ठेवला आणि मागचा रूळ सावकाश फिरवून पुढचा उलटा फिरताना पाहिला.

“हा ऊस नाही,” तो अखेर म्हणाला.

त्याने पट्टा उतरवला आणि मुलीपुढे धरला.

“आता तू सांग कसा घालायचा. मी घालतो.”

माफी मागण्याचा हा त्याचा प्रकार होता, आणि फ्लोरालबाने तो तसाच घेतला. तिने सांगितले, “सरळ.” त्याने सरळ घातला. पण त्याच्या धंद्याचा दुसरा नियम मात्र खरा होता: सरळ पट्टा घसरला. मागचा रूळ फिरे, पुढचा मधेच थांबे, हॅण्डल थरथरे. पार्मेनियो उठला, कापलेल्या बाहीने कपाळ पुसायला गेला, बाही पुरली नाही, म्हणून मनगटाने पुसले, आणि सरळ एउलोहियोच्या काहिलीकडे गेला. येताना नारळाच्या करवंटीत दाट काकवी घेऊन आला. बोटाने ती पट्ट्याच्या आतल्या बाजूला, इकडून तिकडे, भाकरीला लोणी लावावे तशी लावली.

पट्टा धरला.

“माझी काकवी कुठे चाललीय?” मागून आलेल्या एउलोहियोने विचारले. मग त्याची नजर पट्ट्यावर गेली. “हे काय, कोम्पाद्रे? सरळ?”

“सरळ.”

“घसरेल.”

“म्हणून तर तुझ्याकडून घेऊन आलो.”

चूक काय झाली होती, हे पार्मेनियोने त्याला सांगितले नाही. त्या चौघांनाही नाही. खोऱ्यात कोणाला ते कळले, तर ते त्रिनीकडून.

*

त्यानंतरचे सोळा दिवस फ्लोरालबाला आजही वासाने आठवतात. रूळ तापले की पट्ट्यावरची काकवी तापायची, आणि ओसरीभर करपत्या साखरेचा वास सुटायचा. मुंग्या यायच्या, रुळांपर्यंत ओळ धरायच्या, आणि पट्टा फिरू लागला की कडेला ताटकळत थांबायच्या. समोर दोरीवर चादर नसायची. ती आता स्वयंपाकघरात वाळायची. पहिल्या दिवशी फ्लोरालबा रुळांवर दहा मोजेपर्यंत टिकली, दुसऱ्या दिवशी एक प्रार्थना पुरी होईपर्यंत, पाचव्या दिवशी तासभर.

पार्मेनियो कामावरून आला की उलट्या घातलेल्या जुन्या काहिलीवर बसायचा, मुलीकडे पाठ करून. त्याला बघायचे नव्हते, ऐकायचे होते.

“डावा आळशी आहे.”

“नाही, बाबा.”

“उजवा ओढतोय, डावा नुसता मागून येतोय. ऐकू येतंय मला. लंगडा चरक असाच वाजतो.”

ती डाव्या पायावर लक्ष द्यायची. गुरगुर एकसारखी व्हायची. तो उठून हात धुवायला जायचा. हेच त्याचे शिकवणे. दुसरा शब्द त्याने सांगितल्याचे तिला स्मरत नाही. जो माणूस कधी सायकलवर बसला नाही, त्याने तिला गोल, अखंड, न लंगडणारे पेडल मारायला शिकवले, आणि रुळांच्या हातभर रुंदीने तिला रेषा सोडायची नाही हे शिकवले.

सोळा नोव्हेंबरला, शुक्रवारी, त्याने सायकल खेचरावर बांधली आणि मुलीला दरडीपलीकडे नेऊन बसमध्ये बसवले. गुऱ्हाळे ऐन भरात होती. तुन्हाला जाणे त्याला शक्य नव्हते. बस सुटताना तो खिडकीशी आला.

“डावा,” एवढेच म्हणाला.

शर्यत बासष्ट किलोमीटरची. एकोणीस मुली. पंचावन्नाव्या किलोमीटरपर्यंत फ्लोरालबा बारावी होती, आणि सहा जागा तिला पुढे, एका निळ्या सदऱ्यांच्या झुबक्यात, दिसत होत्या. मग पाऊस आला. उतार संपतो तिथे गुरांसाठी बांधलेला अरुंद पूल होता. लोखंडी पत्र्याचा, ओला. पहिली मुलगी पुलावर घसरली, आणि मागच्यांनी तिला चुकवायला हॅण्डल वळवले. ज्यांनी वळवले त्या सगळ्या पडल्या. फ्लोरालबाने वळवले नाही. पुलाची मधली मोकळी पट्टी हातभर रुंद होती. तिच्या मते तेव्हा तिला करपत्या साखरेचा वास आला. हे घडले असेल, असे मानायला काही आधार नाही. पण ते तिने पहिल्या दिवसापासून सांगितले आहे आणि एकदाही बदललेले नाही.

ती पाचवी आली.

निकालाचा कागद तिच्याकडे आहे: पाचवे नाव, शाईवर पाण्याचा एक थेंब पसरलेला. पण सान रोकितोला दूरध्वनी केंद्रातून निरोप पोहोचला, तेव्हा तो गुऱ्हाळावर सगळ्यांना सांगण्याचे काम एउलोहियोने अंगावर घेतले, आणि ‘पाचवी’ म्हणायला त्याची जीभ वळेना. “जिंकली,” त्याने सांगितले. चरक थांबला, जाळ मंद झाला, आणि त्या दिवशीचा गूळ काळपट निघाला. पाटीवरची तिसरी चूक ही अशी जन्माला आली.

पार्मेनियो दरडीशी खेचर घेऊन उभा होता. तिच्या पाठीवर, मानेपर्यंत, चिखलाचा सरळ पट्टा होता. तो त्याने आधी बघितला.

“किती पडल्या?”

“सात.”

“तू?”

“नाही.”

“डावा?”

“नाही केला आळस.”

“मग झालं,” तो म्हणाला, आणि सायकल खेचरावर बांधू लागला. वळणापर्यंत आल्यावर, पाठमोराच, त्याने विचारले, “घेतलं का त्यांनी?”

“घेतलं, बाबा.”

तो चालत राहिला. खेचरालाच काहीतरी सांगत होता. काय, ते तिला ऐकू आले नाही.

*

ती तीन हंगाम शर्यतींत उतरली. एकही जिंकली नाही. चौथ्या क्रमांकाच्या वर कधी गेली नाही. मग लग्न झाले, दप्तरखान्यातली नोकरी आली, सायकल पुतणीकडे गेली. रूळ ओसरीतच राहिले.

दोन हजार तीन साली पार्मेनियोची नजर गेली होती आणि पायही. कान मात्र शेवटपर्यंत शाबूत. फेब्रुवारीत एका दुपारी त्याने त्रिनीला सांगून मुलीला बोलावून घेतले आणि म्हणाला, “ते काढ ना एकदा.” अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई झालेली फ्लोरालबा शेजाऱ्याची सायकल मागून आणून रुळांवर चढली. त्रिनीने करवंटीतून काकवी आणली. पार्मेनियो खुर्चीत डोळे मिटून, मुलीकडे पाठ करून बसला. रूळ गुरगुरले, वास सुटला.

“डावा,” तो मग म्हणाला.

ती हसली आणि डाव्या पायावर लक्ष दिले. मार्चमध्ये तो गेला.

*

आणि आता सांस्कृतिक भवनात, छापील पाटीशेजारी, ते रूळ होते, आणि त्यांवरचा पट्टा फुलीत बांधलेला होता.

हीच ती चौथी चूक. फ्लोरालबा जमिनीवर बसली, या वयात गुडघे दुखतात तरी, आणि पट्ट्याच्या फुलीवर तिने हात ठेवला.

“हा कोणी असा बांधला?”

“मीच,” हेर्मेस म्हणाला. तो एउलोहियोचा मुलगा. पंधरा वर्षे चरकात ऊस घातल्यावर त्याला ही नोकरी मिळाली होती. “तुमच्या घरून रूळ आणले तेव्हा पट्टा निघालेला होता. नीट बांधला ना? बाबा नेहमी म्हणायचे, फुली अशी पाहिजे.”

चाळीस वर्षांनी, तोच खोऱ्यातला माणूस, तीच घडीवरची पांढरी रेघ, तेच उत्तर. तिला राग येईना. हे रूळ आणखी शंभर वर्षे इथे राहिले आणि पट्टा शंभरदा निघाला, तर खोऱ्यातला माणूस शंभरदा तो फुलीतच बांधेल, हे तिला स्पष्ट दिसले.

तिने पट्टा उतरवला आणि सरळ चढवला.

“दोन्या, सरळ पट्टा घसरतो,” हेर्मेस कळवळून म्हणाला.

“घसरतोच.”

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भवन उघडायच्या वेळेला, ती दारात हजर होती. एका हातात नवी पाटी, सुवाच्य अक्षरात हाताने लिहिलेली: ‘चरक दुरुस्त करणारे पार्मेनियो आरिसा यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये जुन्या लाकडी चरकाच्या गाभ्यातून काढलेले रूळ. पट्टा आधी फुलीत बांधला होता. त्यांच्या पत्नी त्रिनिदाद आरिसा यांच्या चादरीवरून चूक कळली. कन्या तुन्हाला पाचवी आली.’ दुसऱ्या हातात नारळाची करवंटी.

हेर्मेसने पाटी वाचली. “पाचवी?” तो हळूच म्हणाला. “बाबा तर...”

“तुझ्या बाबांनी दिलेल्या काकवीवर मी पाचवी आले, हेर्मेस. त्यांना कमीपणा नाही त्यात.”

ती जमिनीवर बसली आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला, इकडून तिकडे, बोटाने काकवी लावू लागली.

“मुंग्या येतील हो, दोन्या.”

“येतील,” ती म्हणाली. “पेन आण. तेही पाटीवर घालू.”

मग तिने मागचा रूळ तळहाताने जोरात फिरवला. पुढचा फिरला, त्याच दिशेने. रिकाम्या दालनात गुरगुर उमटली, आणि फ्लोरालबाने रुळांकडे पाठ केली, म्हणजे नीट ऐकू येईल.